‘डिझास्टर’ या शब्दाचें कूळ

भाजी करपली तरी ‘डिझास्टर झालें’ असें म्हणण्याची संवय सुशिक्षित मराठी घरांना लागली आहे. शब्द जड, प्रसंग हलका. परंतु त्याचें मूळ उकलून पाहिलें तर तो इतका स्वस्तांत उधळण्याजोगा नाहीं.

इटालियन भाषेंत ‘आस्त्रो’ म्हणजे तारा. त्याच्या आधीं वाईटपणा दाखविणारा ‘दिस्’ हा उपसर्ग लागून ‘दिझास्त्रो’ झाला. फ्रेंचांनीं तो उचलला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजींत शिरला. ताऱ्याची वांकडी दृष्टि, असा त्याचा मूळ भाव. ‘इन्फ्लुएन्झा’ हें तापाचें नांवही याच विचारांतून निघालें. इटालियनमध्यें त्याचा अर्थ ‘प्रभाव’, आणि तोही ग्रहताऱ्यांचा! शेक्सपिअरच्या काळीं ‘डिझास्टर’ इंग्रजींत नवाच होता. तरीही ‘किंग लियर’मधील एडमंड, स्वतःच्या करणीचें खापर सूर्यचंद्रांवर फोडणाऱ्यांची यथेच्छ टर उडवितो. एडमंड हा नाटकांतला खलपुरुष खरा. पण बोलतो तें खोटें नव्हे.

यावर मराठी माणसानें इंग्रजांस हसण्याचें कारण नाहीं. ‘साडेसाती’ त्याच जातीची. शनीस राशिचक्र फिरावयास सुमारें तीस वर्षें लागतात, म्हणजे एका राशीस अडीच. जन्मराशि, तिच्या मागची व पुढची मिळून साडेसात. हिशेब चोख आहे. त्याचा माणसाच्या सुखदुःखाशीं संबंध काय, एवढेंच त्या हिशेबांत कोठें सांपडत नाहीं. याउलट ‘संकट’ हा शब्द पाहावा. संस्कृतांत त्याचा अर्थ अरुंद, दाटीचें, जावयास कठीण. येथें तारा नाहीं. माणूस आहे आणि त्याची अडलेली वाट आहे. वाट कोणीं अडविली, हें विचारण्याची सोय या शब्दांत आहे.

हें अंतर केवळ कोशांतलें नाहीं. नागपूरच्या उत्तरेस असलेल्या कोराडीस महालक्ष्मी-जगदंबेच्या देवळांत नवरात्रांत लोक गर्दीनें येतात आणि आपलीं संकटें देवीपुढें मांडतात. त्याच गांवीं दगडी कोळशावर चालणारें मोठें वीजकेंद्र आहे. त्या केंद्राची राख पाण्यांत कालवून नळांनीं खसाळा येथील तळ्यांत सोडीत असत. 2022 च्या जुलैंत, भर पावसांत, त्या तळ्याचा बांध फुटला आणि राखेचा लोंढा भोंवतालच्या शेतांत शिरला. पेरलेल्या जमिनीवर राखेचा चिखल बसलेला पाहून ‘ग्रह फिरले’ असा उद्गार कोणाच्या तोंडून निघाला असेल तर नवल नाहीं. परंतु पाऊस आकाशांतून येतो, बांध येत नाहीं. तो माणसें घालतात आणि त्याची राखणही माणसांकडेच असते.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 यांत आपत्तीची व्याख्या करतांना नैसर्गिक कारणांच्या जोडीस मानवनिर्मित कारणें, अपघात आणि निष्काळजीपणा हींही नमूद केलेलीं आहेत. त्या कायद्याच्या इंग्रजी नांवांत मात्र तोच जुना वाईट तारा अजून बसलेला आहे.