उरलेल्यांचे गृह



ज्या गुरुजींच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेले आहे, त्यांनी दरवर्षी शेवटची तुकडी मागून घेतली. म्हणूनच आज जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर कथामालेतील हफलपफ या उपेक्षित गृहाविषयी बोलावे, असे मला वाटले.

१९९७ ते २००७ या काळात सात भागांत प्रसिद्ध झालेल्या या कथेतील जादूच्या विद्यालयाचे संस्थापक चार. एकाला शूर विद्यार्थी हवे होते, एकीला बुद्धिमान, एकाला शुद्ध कुळातले. हेल्गा हफलपफ यांनी मात्र निवड नाकारली आणि येईल त्याला सारखेच शिकवले. जगाने त्यांच्या मुलांना 'उरलेली' म्हटले. माझ्या मते ती उरलेली नव्हती, स्वीकारलेली होती; आणि या दोहोंत फार अंतर आहे.

या स्वीकाराचे फळ कथेतच दिसते. दुसऱ्या भागात दगडासारखी निश्चेष्ट झालेली मुले शुद्धीवर येतात, ती याच गृहाच्या प्रमुख स्प्राउट बाईंनी कित्येक महिने जोपासलेल्या रोपांमुळे. तिसऱ्या भागात सेड्रिक डिगरी सामना जिंकतो. पण प्रतिस्पर्धी हॅरी खाली कोसळला होता हे कळताच सामना पुन्हा खेळवावा, असा आग्रह धरतो. चौथ्या भागात विजयाचा चषक हाताशी असताना तो हॅरीला म्हणतो, तू घे. तू मला वाचवलेस.

या गृहाच्या हातून चुकाही झाल्या. त्यातील मुलांनी हॅरीवर अन्यायाने संशय घेतला. परंतु एर्नी मॅकमिलनने चूक उमगताच क्षमा मागितली, आणि पुढे भर घोळक्यात त्याची बाजू घेतली. अखेरच्या लढाईच्या वेळी निघून जाण्याची मुभा असताना रेव्हनक्लॉपेक्षा हफलपफची अधिक मुले मागे थांबली.

मित्रहो, त्या कथेत एक टोपी मुलांची वाटणी करते. आपल्याकडे चाचणीचे गुण करतात. तापीच्या काठाने खानदेशातून सुरतेस आलेली किती कुटुंबे यंत्रमागांवर आणि कापड मार्केटांत राबली! पर्वत पाटियाच्या या परिसरात आईबरोबर रात्री साड्यांना लेस लावून सकाळी वर्गात बसणाऱ्या मुलाचे कष्ट कोणत्या चाचणीत मोजले जातात? मी स्वतः शिक्षक असताना 'अ' तुकडी मिळावी म्हणून धडपडलो. 'ड' तुकडीतील मुलांची नावेही मला पाठ नव्हती. गुरुजींना ती सर्व ठाऊक होती, घरच्या पत्त्यांसह.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे. वड आपल्या सावलीत कोण बसले, हे विचारत नाही.

येत्या जूनमध्ये पुन्हा तुकड्या पडतील. त्या गुणांवरून पाडू नयेत, एवढीच माझी चालकांना नम्र विनंती आहे. गुरुजींचे याहून उचित स्मारक मला सुचत नाही.