मातीची झीज कोणाच्या खात्यावर?

(शेतकरी कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)



दर हिवाळ्याच्या तोंडावर पंजाबातील भाताची धसकटे पेटतात, दिल्लीचे आकाश काळवंडते आणि शेतकऱ्याला बेजबाबदार म्हणून बोल लावला जातो. माझ्या मते तो बेजबाबदार नाही, हिशेबी आहे. हिशेबाची वहीच चुकीची आखलेली आहे.

भूजल वाचविण्यासाठी पंजाबने 2009 साली कायदा करून 10 जूनपूर्वी भातलावणीस बंदी घातली. हेतू योग्यच होता. परंतु लावणी लांबली तशी कापणीही लांबली, आणि गहू तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरावा लागतो. हाती उरतात दोन-तीन आठवडे. कंबाइन यंत्र लोंब्या घेऊन जाते. खाली उभी धसकटे आणि वर विस्कटलेला पेंढा राहतो. त्यात सिलिका अधिक असल्याने वैरण म्हणून त्याला फारशी मागणी नाही. अशा वेळी सर्वांत स्वस्त अवजार म्हणजे काडेपेटी!

उपाय नाही असे नव्हे. ‘हॅपी सीडर’ हे यंत्र नांगरट न करता धसकटांतच गहू पेरते आणि पेंढा आच्छादन म्हणून पसरते. ओल टिकते, डिझेल वाचते. टनभर पेंढ्यामागे धुरात जाणारे सुमारे साडेपाच किलो नत्र रानातच राहते. उंदरांचा उपद्रव आणि तणनाशकांवरील भिस्त वाढू शकते, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

मग अडते कोठे? वर्षातून तीन आठवडे चालणारे, दणकट ट्रॅक्टर मागणारे यंत्र लहान शेतकऱ्याने एकट्याने घेणे परवडत नाही. 2018च्या केंद्रीय योजनेने व्यक्तीला 50, तर सहकारी संस्था व गटांना 80 टक्के अनुदान ठरविले. दिशा बरोबर होती. पण ठेक्याने वर्षभरासाठी जमीन कसणाऱ्याचे काय? मातीचा कस काही वर्षांनी वाढणार, आणि तेव्हा ती जमीन त्याच्या हाती असेलच याची हमी नाही. दंड मात्र तत्काळ! नोव्हेंबर 2024 मध्ये तो दुप्पट करून 5 ते 30 हजार रुपयांपर्यंत नेला गेला.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. उत्पादनखर्चाच्या गणितात अवजारांचा घसारा धरतात, मातीचा धरीत नाहीत. ही चूक मीही वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली. जी झीज हिशेबातच नाही, ती थांबविणाऱ्याला मोबदला कोण देणार?

शिवाय भातामागून गहू ही फेरपालट नावापुरतीच, दोन्ही तृणधान्येच. हमीभाव 23 पिकांना जाहीर होतो, परंतु तेथे खात्रीची खरेदी मुख्यतः या दोघांचीच. मूग-हरभऱ्याचा उपदेश करणाऱ्याने आधी त्यांच्या खरेदीची व्यवस्था करावी.

आपणही नामानिराळे नाही. आपल्याकडे ऊस तुटला की पाचट पेटवतात. तेच खोडव्याच्या सऱ्यांत कुजविले तर सेंद्रिय खत होते. आपल्या सहकारी संस्थांनी पाचट बारीक करणारी यंत्रे भाड्याने द्यावीत, आणि पाचट राखणाऱ्याला त्याचे श्रममूल्य द्यावे. माती ही पुढच्या पिढीची ठेव आहे. ती सांभाळण्याचा खर्च एकट्या कसणाऱ्याच्या माथी मारणे हा न्याय नव्हे.