घट आणि कुंभार

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या विश्वाचा कोणी अलौकिक निर्माता आहे काय, हा विषय आम्ही घेतला हे कळताच काही स्नेह्यांनी नापसंती दर्शविली. वसतिगृहाचा निधी, मुलामुलींची लग्ने हे जिव्हाळ्याचे प्रश्न सोडून मास्तर आभाळात कशास शिरले, असे ते म्हणाले. परंतु ईश्वर सिद्ध करण्यासाठी या देशातील पंडितांनी शतकानुशतके जो दृष्टांत दिला, तो आपल्याच घरचा आहे. घट आहे त्या अर्थी कुंभार असलाच पाहिजे. तद्वत् जग आहे त्या अर्थी त्याचा कर्ता असलाच पाहिजे. ज्या वादात आपल्या वाडवडिलांना साक्षीस उभे केले, त्या वादात दोन शब्द बोलण्याचा अधिकार आपणांस खचित आहे. दुसरे कारण मंडळाच्या दप्तरी आलेल्या एका अर्जाचे आहे. त्याकडे पुढे येऊ.

हा युक्तिवाद मूळचा न्यायदर्शनाचा. दहाव्या शतकाच्या अखेरीस मिथिलेत होऊन गेलेल्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’ या ग्रंथात तो सांगोपांग मांडला. पृथ्वी, पर्वत, अंकुर ही कार्ये होत. कार्याला कर्ता लागतो. आणि एवढे अफाट कार्य करणारा कर्ता सर्वज्ञच असला पाहिजे. ऐकताना हे अगदी बिनतोड वाटते.

आता जरा चाकापाशी बसून पाहू. कुंभार माती निर्माण करीत नाही. तो ती तळ्याकाठून आणतो, खडे वेचतो, राख-लीद मिसळून तुडवितो, गोळा चाकावर चढवितो, ओले भांडे दोऱ्याने कापून उतरवितो, थापटण्याने ठोकून त्याचे पोट वाढवितो आणि आव्यात भाजतो. एवढा सगळा खटाटोप करूनही माती त्याच्या आधी होती ती होतीच. नैयायिकांना हे पुरते ठाऊक होते. त्यांच्या मते परमाणू नित्य आहेत, ते ईश्वराने उत्पन्न केलेले नाहीत. ईश्वर हे केवळ निमित्तकारण. म्हणजे घटाच्या दृष्टांतातून फार तर घडविणारा हाती लागतो. मुळात काहीच नसताना उत्पन्न करणारा हाती लागत नाही. वेदान्त्यांना ही उणीव जाणवली असावी. त्यांनी कुंभार बाजूला ठेवला आणि आपल्याच देहातून तंतू काढून जाळे विणणाऱ्या कोळ्याचा, उपनिषदातला दृष्टांत जवळ केला.

दुसरी गोष्ट. कुंभाराला हात आहेत, पाठदुखी आहे, पोट आहे. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्ट यांनी नेमका येथेच आक्षेप घेतला. ज्याला देह नाही त्याला सृष्टी रचण्याची इच्छा तरी कशी व्हावी? आणि कुंभाराच्याच न्यायाने जायचे, तर जगाचा कर्ताही कुंभारासारखा मर्त्य आणि अल्पज्ञ ठरावयाचा! ध्यानात घ्या, हे बोलणारा गृहस्थ वेदांचा कट्टर अभिमानी होता. त्याच शतकातील बौद्ध पंडित धर्मकीर्ती याने तर मातीचेच उदाहरण घेतले. मातीचा आकार दिसला की कुंभार मानायचा असेल, तर वारूळही कुंभारानेच केले म्हणावे लागेल. आम्हांस हा आक्षेप सर्वांत मार्मिक वाटतो. वारुळात खोल्या असतात, वाटा असतात. पण एकाही वाळवीच्या डोक्यात वारुळाचा आराखडा नसतो.

धर्मकीर्तीने नुसती शंका काढली होती; तिला पुराव्याचे बळ फार उशिरा आले. इंग्लंडात विल्यम पेली या धर्मोपदेशकाने १८०२ साली घटाच्या जागी घड्याळ ठेवून तोच युक्तिवाद केला; आणि १८५९ साली चार्ल्स डार्विनने दाखविले की, डोळ्यासारखे सुघड इंद्रियही पिढ्यान्पिढ्यांच्या लहानलहान फरकांतून, निसर्गाच्या निवडीने, कोणी न घडविता घडू शकते.

मग सगळे मूळ आरंभावर येऊन ठेपते. दीर्घिका एकमेकींपासून दूर जात आहेत, हे १९२९ साली एडविन हबल यांच्या निरीक्षणांवरून दिसून आले. आदिकालीन उष्णतेचा अवशेष म्हणून सर्व दिशांनी येणारे क्षीण प्रारण १९६५ साली पेन्झियास व विल्सन यांनी प्रसिद्ध केले. आजचा हिशेब सांगतो की, हा विस्तार सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला. येथे भाविक म्हणतो, पाहा, आरंभ सापडला, आता कर्ता माना. परंतु या कल्पनेचा एक जनक जॉर्ज लमेत्र हा स्वतः ख्रिस्ती धर्मगुरू होता. १९५१ साली पोपमहाशयांनी विज्ञानाने सृष्ट्युत्पत्तीला दुजोरा दिल्याचे सुचविले, तेव्हा ते त्याला रुचले नाही. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांनी तर असा एकमेव आरंभ अखेरपर्यंत मान्य केला नाही. बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत झाले नाहीत हे खरे. पण आरंभ मानणारा धर्मगुरू त्यातून देव काढीत नाही आणि न मानणाऱ्यास कोणी पाखंडी म्हणत नाही, ही रीत आम्हांस फार आवडते.

माती कोठून आली, हा प्रश्न मात्र उरतोच. विश्व मुळी आहेच का, याचे उत्तर विज्ञानाजवळ नाही. पण तेथे ‘कर्ता’ हा शब्द ठेवल्याने उत्तर मिळते असेही नाही. कर्ता का आहे, हा प्रश्न मागे उभाच राहतो. ऋग्वेदातील नासदीय सूक्ताच्या कवीने हा प्रश्न उघडा ठेवला आणि तरी त्याला ऋषींच्या पंक्तीतून कोणी उठविले नाही.

आव्यात मडके तडकले तर दोष कुंभाराकडे जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जन करून निजलेली किल्लारीची माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली, हजारोंनी गेली. त्याचा दोष कोणाकडे? कर्त्याला सर्वज्ञ आणि दयाळू म्हणणाऱ्याने याचे उत्तर दिले पाहिजे. पूर्वकर्म हे उत्तर त्या पाळण्यातल्या लेकरांना लावण्यास आमची जीभ उचलत नाही.

आता कोणी विचारील, मग मास्तर देवपूजा सोडणार काय? मुळीच नाही. आम्ही तेरला जातो, गोरोबाकाकांपुढे डोके ठेवतो. गोरोबांनी विठ्ठल अनुमानाने सिद्ध केला नव्हता. त्यांचा विठ्ठल जगाच्या उत्पत्तीचे कारण म्हणून त्यांच्या अंगणात आला नव्हता. जिव्हाळा ही एक गोष्ट आणि सिद्धांत ही दुसरी. आमच्या मते कुंभाराच्या दृष्टांताने निर्माता सिद्ध होत नाही. आणि तो नाहीच, असेही आमच्याने सिद्ध करवत नाही.

तो अर्ज असा. आपल्या ज्ञातीतील एका सुशिक्षित तरुणाने स्थळ पाहण्याच्या वेळी मुलीकडच्यांना सरळ सांगितले की, जगाला निर्माता आहे असे त्याला वाटत नाही. सोयरीक मोडली. सोयरीक करावी न करावी, हा ज्या त्या घरचा अधिकार. परंतु नंतर मंडळाकडे मागणी आली की, हा मुलगा नास्तिक आहे, सबब वधूवर-सूचीतून त्याचे नाव काढावे. ज्या शास्त्राचा आधार या शब्दाला आहे, त्यात नास्तिक म्हणजे वेदाची निंदा करणारा. निर्माता न मानणारे सांख्य आणि मीमांसक हे आस्तिकांतच मोडतात. (त्या शास्त्रांनी आपल्या पंक्तीला काय वाढून ठेवले, तो वेगळा विषय.) आणि आपल्या घटनेच्या २५व्या कलमाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य प्रत्येकाला दिले आहे, त्या मुलालाही. तो खोटे बोलला असता तर आज त्याचा संसार थाटला असता, हेही सभासदांनी मनात आणावे.

अर्ज कार्यकारिणीच्या येत्या बैठकीपुढे आहे. तो दप्तरदाखल करावा आणि मुलाचे नाव सूचीत आहे तसेच ठेवावे, अशी लेखी सूचना आम्ही दिली आहे. तिला अनुमोदक हवा आहे.