सही तिचीच होती

कामं आवरली असतील, नसतील, हातात निवडायला काही घेऊन बसा आणि ऐका. आज बियाणं नाही, शेळीपालन नाही. आज एका सिनेमानटीची गोष्ट सांगणार आहे, आणि तीही अमेरिकेतली. काही जणी म्हणतील, त्या गोऱ्या बाईचं आपल्याला काय? मीही आधी तेच म्हटलं होतं.

तिचं नाव डोरिस डे. आपल्या आज्या तरुण होत्या त्या काळात, म्हणजे १९५० ते १९६५ च्या सुमाराला, अमेरिकेत तिच्याइतकी लाडकी नटी क्वचितच असेल. सोनेरी केस, गालावर बारीक ठिपके, स्वच्छ हसू. सिनेमात ती कायम सालस, कामसू, अब्रूदार मुलगी असायची. लोक म्हणायचे, ही तर आपल्या शेजारची गुणी पोर. आईबापांनी मुलींना तिचं उदाहरण द्यावं, अशी तिची प्रतिमा. १९६०, आणि मग १९६२, १९६३ व १९६४, अशी चार वर्षं ती तिथे तिकीटबारीवर पहिल्या नंबरावर होती. नट धरून, सगळ्यांत पहिली. म्हणजे पैसाही तसाच आला असणार, असंच कोणीही धरून चालेल.

आता पडद्यामागचं सांगते.

तिचं जन्माचं नाव डोरिस कॅपेलहॉफ. १९२२ साली ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरात ती जन्मली. वडील संगीत शिकवायचे. त्यांचं बाहेर दुसरीकडे सूत जुळलं आणि आईबाप वेगळे झाले. पोरगी आईजवळ वाढली. तिला नाचायचं वेड होतं, बक्षीसही मिळालं होतं, आणि नाचासाठी थेट हॉलिवूडला जायचं ठरत होतं. तेवढ्यात १९३७ च्या ऑक्टोबरात ती बसली होती त्या मोटारीला आगगाडीने धडक दिली. उजवा पाय मोडला. वय पंधरा. नाच संपला.

महिनोन्महिने अंथरुणावर पडून ती काय करायची? रेडिओ ऐकायची. हे मला फार आवडलं, म्हणून मुद्दाम सांगते. एला फिट्झगेराल्ड नावाची एक कृष्णवर्णीय गायिका रेडिओवर गायची, तिच्या आवाजाबरोबर ही खाटेवरून गायची. तो आवाज कुठे चढतो, शब्द कसा सोडतो, हे धरून धरून गायची. पुढे आईने गाणं शिकायला पाठवलं, तर शिकवणाऱ्या बाईंनी एका धड्याच्या पैशात आठवड्याला तीन धडे दिले. इतकी ती त्यांना पसंत पडली. मग ती वाद्यवृंदांबरोबर गायला लागली. एका वाद्यवृंदाच्या मालकाला तिचं आडनाव लांबलचक वाटलं, म्हणून ती गायची त्या एका गाण्यातला शब्द उचलून त्याने ‘डे’ केलं. तिला स्वतःला हे नाव कधीच आवडलं नाही.

वाद्यवृंदात अल जॉर्डन नावाचा एक वादक होता. १९४१ साली तिने त्याच्याशी लग्न केलं. जेमतेम एकोणिशीची पोर. हा माणूस संशयी निघाला. कोणाशी बोललीस, कोणाकडे बघितलंस, यावरून मारायचा. तिला दिवस गेले तर म्हणाला, पाडून टाक. ती नाही म्हणाली, तेव्हा गर्भ पडावा म्हणून त्याने तिला मारलं. पोरगा तरीही जन्मला, १९४२ च्या फेब्रुवारीत. नाव टेरी. पुढच्या वर्षी तिने घटस्फोट घेतला, पोर आपल्या आईच्या ओटीत घातलं आणि पुन्हा गावोगाव गात फिरू लागली. १९४५ साली तिचं एक गाणं गाजलं, परदेशी लढाईवर गेलेले शिपाई घरी परतत होते त्या दिवसांतलं. ते गाणं ऐकून माणसं रडायची. गाणारी बाई तेव्हा तेवीस वर्षांची, एका लेकराची आई आणि घटस्फोटित होती, हे त्यातल्या कितींना ठाऊक असेल?

१९४८ साली तिला सिनेमा मिळाला आणि मग ती चढतच गेली. मधल्या काळात दुसरं लग्न झालं आणि मोडलंही. बायकोच्या नावाने ओळखलं जाणं त्या गृहस्थांना जड गेलं. तो प्रकार तुम्हाला नवा नाही, पुढे जाऊ.

१९६० साली तिने एका भीतीच्या सिनेमात काम केलं. कोणीतरी आपल्याला मारायला टपलंय, अशी धास्ती घेतलेली बायको तिला करायची होती. एका प्रसंगात तिला घाबरून ओरडायचं होतं. ते खरं वाटावं म्हणून तिने मनात एक जुना दिवस आणला. ती पोटुशी होती, आजारी होती, आणि नवऱ्याने तिला अंथरुणातून ओढून भिंतीवर आपटलं होतं, तो दिवस. कॅमेरा सुरू झाला आणि ती ओरडत राहिली. नाटक नव्हतं ते. शेवटी खरोखर शुद्ध हरपून पडली. निर्मात्याने काही दिवस काम बंद ठेवलं. त्या माराला तेव्हा जवळजवळ वीस वर्षं होऊन गेली होती.

याच्या आधी, १९५५ साली, तिने गुंड नवऱ्याच्या तावडीत सापडलेल्या गायिकेचं काम केलं होतं. उत्तम केलं होतं. तर प्रेक्षकांची रागाची पत्रं आली. आमच्या डोरिसने दारू का प्यावी, असले कपडे का घालावेत? लोकांना हसरी डोरिसच हवी होती.

आता ज्यासाठी ही गोष्ट निवडली, तिथे येते.

तिसरं लग्न तिने १९५१ साली, आपल्या एकोणतिसाव्या वाढदिवशी केलं. नवरा मार्टिन मेल्चर. त्याने टेरीला दत्तक घेऊन आपलं नाव दिलं. तिचा सगळा कारभार तोच बघायचा, सिनेमे ठरवणं, करार करणं, पैसा गुंतवणं. त्याच्या जोडीला जेरोम रोझेंथाल नावाचा वकील होता. तिच्या दुसऱ्या घटस्फोटाच्या वेळेपासूनचा, म्हणजे घरच्यासारखाच. ती पहाटे उठून स्टुडिओत जायची, दिवसभर काम करायची, संध्याकाळी दमून यायची. कागद समोर आले की सही करायची. नकोसे वाटलेले सिनेमेसुद्धा तिने केले, कारण नवऱ्याने आधीच शब्द दिलेला असायचा.

अशी सतरा वर्षं गेली. १९६८ च्या एप्रिलमध्ये मेल्चर हृदयविकाराने वारला. दुःख ओसरायच्या आत मुलगा टेरी कागदपत्रं बघायला बसला, आणि आईला त्याला सांगावं लागलं की काही शिल्लक नाही. तेलविहिरी, हॉटेलं, असल्या उद्योगांत वकिलाने पैसा घातला होता आणि तो बुडाला होता. दोन कोटी डॉलरच्या आसपास कमाई गेली होती. वर डोक्यावर कर्ज होतं. आणखी एक गोष्ट निघाली. टीव्हीवर मालिका करायची, असा करार मेल्चरने तिच्या नावाने करून ठेवला होता. तिला पत्ताही नव्हता. टीव्ही तिला मुळीच आवडत नसे.

तिने ती मालिका केली. पाच वर्षं, १९७३ पर्यंत. कर्ज होतं ना. आणि मालिकेत भूमिका काय, तर नवरा गेलेली बाई दोन मुलगे घेऊन वडिलांच्या शेतावर राहायला जाते. त्या विधवेचं नाव ठेवलं होतं डोरिस मार्टिन. स्वतःचा मार्टिन जाऊन काही महिनेच झाले होते. कॅमेऱ्यासमोर ती हसतच होती. लोक म्हणाले, बघा, किती आनंदी बाई.

पण या वेळी ती कोर्टातही गेली. १९७४ साली खटला उभा राहिला, महिनोन्महिने चालला आणि न्यायाधीशांनी निकाल दिला, वकिलाने तिला दोन कोटी अठ्ठावीस लाख डॉलर द्यावेत. ज्या धंद्यांत तिचा पैसा घातला, त्यांत वकिलाचे स्वतःचेही हितसंबंध होते, हे कोर्टात उघड झालं. त्याने अपील केलं. अपिलाचा निकाल १९८५ साली लागला, तोही तिच्याच बाजूने. १९८७ साली त्याची सनद गेली. तिच्या हातात किती पडले? वकिलाच्या विमा कंपन्यांकडून साधारण साठ लाख डॉलर, आणि तेही वर्षावर्षाच्या हप्त्यांनी. एवढी मोठी नटी, एवढा मोठा निकाल, आणि मिळाले ते चार आणे.

नवऱ्याबद्दल ती जन्मभर एकच सांगत राहिली, त्याने मुद्दाम फसवलं नाही, भलत्या माणसावर विश्वास टाकला. असेलही. पण करार करताना तिला न विचारणारा तोच होता, आणि ही गोष्ट वकिलावर ढकलता येत नाही, असं मला वाटतं. तुम्हाला काय वाटतं ते कळवा, आमच्यातही यावर वाद झाला.

बायांनो, मी हे इतकं हिरिरीने का सांगते, तेही सांगून टाकते. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी एक नोटीस आली. एका कर्जाला मी जामीनदार होते आणि ते कर्ज थकलं होतं. मी म्हटलं, मी कुठे कोणाची जामीनदार? कागद बघितला तर सही माझीच. मग आठवलं. भाकऱ्या थापत होते. आमचे हे कागद घेऊन आले, म्हणाले, इथे कर, माणूस बाहेर थांबलाय. मी पदराला पीठ पुसलं आणि केली सही. त्या वेळी मी आमच्या गटाची हिशेबनीस होते बरं का. गटाच्या वहीतला दहा रुपयांचा फरक मी रात्री जागून शोधायची. यांच्या मनात खोट नव्हती. माझ्याही मनात नव्हती. हप्ते मात्र आम्ही दोन वर्षं फेडले.

डोरिसबाईंकडे वळते. १९७५ साली तिने आपली जीवनकहाणी एका लेखकाला सांगून पुस्तक काढलं. त्यात पहिल्या नवऱ्याचा मार, पैशाची फसवणूक, सगळं सांगितलं. शेजारची गुणी पोर म्हणून मिरवण्याचा तिला कंटाळा आला होता. त्या काळात इतक्या नावाजलेल्या बाईने मार खाल्ल्याचं उघड सांगणं सोपं नव्हतं. पुढे ती कॅलिफोर्नियात समुद्राजवळच्या कार्मेल नावाच्या गावी राहिली. बेवारस कुत्र्यामांजरांसाठी संस्था काढली. चौथं लग्न केलं, तेही टिकलं नाही. टेरी २००४ साली तिच्या आधी गेला. ती २०१९ च्या मे महिन्यात गेली, सत्त्याण्णव वर्षांची होऊन. माझा अंत्यविधी नको, थडग्यावर दगडही नको, असं सांगून ठेवलं होतं.

आता तिचं एक गाणं लावणार आहोत. ‘के सेरा, सेरा’ असे त्याचे बोल, मतलब असा की जे व्हायचं ते होईल. तिला ते आधी बालिश वाटलं होतं, एकदाच गाऊन ती मोकळी झाली म्हणतात, आणि जन्मभर तेच तिच्या नावाला चिकटलं. १९५६ च्या सिनेमात ते आहे. त्यात तिच्या लहान मुलाला पळवून एका मोठ्या घरात कोंडलेलं असतं. वरच्या खोलीत पोर आहे, खाली पाहुण्यांची बैठक. ती पियानोपाशी बसते आणि हे गाणं मुद्दाम मोठ्याने गाते, इतकं मोठ्याने की पाहुणे एकमेकांकडे बघायला लागतात. वर पोराला ऐकू जावं म्हणून. आणि त्याला ऐकू जातं.

शब्द इंग्रजी आहेत, पण चाल तुम्हाला कळेल. आवाज थोडा वाढवा.