शेजारशेजारचे दोन सण



आपल्याकडे संतांची पुण्यतिथी पाळतात. आम्हां कॅथलिकांतही संताचा सण बहुधा मृत्युदिनीच येतो. तो त्याचा स्वर्गातला जन्मदिवस मानतात. संत ऑगस्टीन इ. स. ४३० मध्ये २८ ऑगस्टला वारले; तोच त्यांचा सण. त्यांच्या आईचा, संत मोनिकेचा, सण पूर्वी ४ मेला असे. १९६९ साली तो २७ ऑगस्टला आणला. माय लेकाच्या शेजारी येऊन बसली!

मोनिका उत्तर आफ्रिकेतली. नवरा तापट, मुलगा भरकटलेला. त्याच्यासाठी ती वर्षानुवर्षे रडली, समुद्र ओलांडून त्याच्यामागे मिलानला गेली. ३८७ साली त्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी ओस्तिया येथे तिने देह ठेवला.

ही कथा मी मुलांना नेहमी सांगे. घरात सून आली. तिने ऐकून विचारले, "आई, आणि ऑगस्टीनच्या मुलाची आई?"

मी गप्पच झाले. मोनिकेने मुलासाठी तोलामोलाचे स्थळ पाहिले, तेव्हा त्याच्याबरोबर अनेक वर्षे राहिलेल्या त्या बाईला आपला मुलगा मागे ठेवून आफ्रिकेला परतावे लागले. ऑगस्टीनने आत्मकथनात तिच्या वियोगाचे दुःख लिहिले; नाव मात्र लिहिले नाही. तिला सणही नाही.

भगिनींनो, मोनिकेला मी आजही भक्तीने वंदन करते. पण २७ ऑगस्टला आता दोन मेणबत्त्या लावते. दुसरी सुनेच्या हातून.