फी आणि लाच : एक अर्थभेद



फी काय किंवा लाच काय, दोहोंतही गरजवंत पैसे देतो व काम करणारा ते घेतो. मग भेद कोठे?

आमच्या पूर्वजांनी तो शब्दांतच नोंदविला आहे. पेशवाईत दावा जिंकणारा 'हरकी' व हरणारा 'गुन्हेगारी' भरी. ती रक्कम उघडपणे सरकारजमा होई. दुसरी रक्कम 'अंतस्थ'. ती गुपचूप अंमलदाराच्या पदरी पडे. १८१९ सालच्या एल्फिन्स्टनच्या अहवालात तिचा उल्लेख आहे. असला पैसा गावखर्चात घालीत आणि अखेर भार रयतेवरच येई. मात्र त्याच राजवटीत साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे निःस्पृहपणे न्याय देत होते, हेही विसरू नये.

आता आमचा दोष सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी मुलाच्या दाखल्यासाठी एका कचेरीत आम्ही फीखेरीज शंभर रुपये दिले आणि घरी "फी जरा जास्त पडली" असे सांगितले. मुलाने विचारले, "अण्णा, पावती कोठे आहे?" वर्गात जन्मभर शब्दार्थ शिकविणाऱ्या आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या दिवशी रांगेतील कोणा गरिबाची पाळी आमच्यामुळे मागे गेली असेल, ही रुखरुख अद्याप आहे.

फीचा दर आधी जाहीर असतो, सर्वांस सारखा असतो, पावती मिळते व पैसा तिजोरीत जातो. आज संगणकावर डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. कऱ्हाडच्या बागायतदारास आणि जतच्या कोरडवाहू शेतकऱ्यास दर एकच. लाचेचा दर मात्र समोरच्याची नड पाहून ठरतो.

दाखला किती दिवसांत द्यावा, हे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यान्वये ठरविलेले असते. म्हणून अर्जाची पोच अवश्य घ्यावी. २०१८ च्या दुरुस्तीपासून लाच देणाराही शिक्षेस पात्र आहे. सक्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांत कळविणाऱ्यास सूट आहे. त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा दूरध्वनी १०६४ आहे.

आपणांस एकच विनंती. मुलांदेखत लाचेस 'चहापाणी' किंवा 'वरची फी' म्हणू नये. तिला लाचच म्हणावे. म्हणजे देताना हात आपोआप आखडेल.