झाडूच्या कपाटाबाहेर

(महिला संघटनांच्या एका बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला ‘अमेरिकेतले अनुभव’ सांगायला बोलावलंय. नोकरी, बर्फ, एकटेपणा यावर पुष्कळजणी बोलून गेल्यात. मी दुसरंच सांगणार आहे. माझं माहेर सांगलीचं. तीसेक वर्षं इंडियाना राज्यातल्या एका लहान गावात राहते, आणि त्यातली बरीच वर्षं मी पेगन आहे.

पेगन म्हणजे काय? ख्रिस्ती धर्माआधीच्या युरोपातल्या देवदेवता आणि ऋतुचक्र यांचा आधार घेऊन उभे राहिलेले पंथ. प्राचीन परंपरा अखंड चालत आली असं काहीजण सांगतात, त्यात तथ्य नाही. आमचा विक्का पंथ विसाव्या शतकातला. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये जेराल्ड गार्डनर यांचं पुस्तक आलं. अमेरिकेत मात्र स्त्री-चळवळीनं त्याला वेगळं वळण दिलं. स्टारहॉक यांचं ‘द स्पायरल डान्स’ १९७९ चं.

मला देवी नवी नव्हती. नवं हे होतं, की पूजा सांगणारी बाईच, आणि पाळी, वैधव्य, घटस्फोट कशाचीच आडकाठी नाही. ऑक्टोबरअखेर साविन नावाचा सण येतो, गेलेल्या माणसांच्या आठवणीचा. आईचं श्राद्ध माझा भाऊ करतो. मी हजर असले तर स्वयंपाक करते. साविनला तिच्या नावानं पान मी वाढते. आमटी-भात माझा, ॲपल पाय मैत्रिणींचा. आईला चाललं असतं.

शेजारी वाईट माणसं नाहीत. बर्फ पडला की न सांगता माझं दार मोकळं करून द्यायचे. पण पौर्णिमेला मागच्या अंगणात सात बायका दिवे लावून बसतात हे कळलं, आणि टपालपेटीत नरकाची चित्रं असलेली पत्रकं यायला लागली. आमच्यातल्या एकीच्या मुलीच्या वाढदिवसाला वर्गातलं एकही मूल फिरकलं नाही. म्हणून बहुतेकजणी लपून राहतात. तिकडे याला ‘झाडूच्या कपाटात राहणं’ म्हणतात.

आपल्या मराठी माणसांची तऱ्हा निराळी. देवघरात टाक पुजणाऱ्या एक वहिनी मला बाजूला घेऊन विचारतात, “करणी-बिरणीतलं तर नाही ना गं हे?” मी त्यांना १२ जुलै २००७ ची गोष्ट सांगते. अमेरिकी सिनेटमध्ये पहिल्यांदा हिंदू प्रार्थना होत होती, आणि ख्रिस्ती निदर्शकांनी ओरडून ती अडवली. त्या लोकांच्या हिशेबी वहिनी आणि मी एकाच पंगतीला आहोत.

तुम्हीही आहात. १९९२ मध्ये आयोवा राज्यातल्या समान हक्क दुरुस्तीला विरोध करताना पॅट रॉबर्टसन या धर्मोपदेशकानं पत्रात लिहिलं होतं, की स्त्रीवाद बायकांना नवरे सोडायला, मुलं मारायला, चेटूक करायला शिकवतो.

२०१६ पासून आमच्या गल्लीत अंगणातल्या निवडणुकीच्या पाट्या बघून कुणाशी बोलायचं ते ठरतं. त्यात ६ जानेवारी २०२१ ला संसदेच्या इमारतीत शिरलेल्या जमावात शिंगांचा टोप घातलेला, अंगावर नॉर्स चिन्हं गोंदलेला माणूस साऱ्या जगानं पाहिला. नॉर्स देव मानणाऱ्या माझ्या मैत्रिणीनं गळ्यातला थॉरचा हातोडा तेव्हापासून सदऱ्याआड टाकला. पेगन म्हणजे आपोआप पुरोगामी, असं समजू नका. वंशवादी आमच्यातही आहेत. २०१६ मध्येच अनेक नॉर्स गटांनी जाहीर पत्रक काढून अशा एका संघटनेशी संबंध तोडले.

आमच्यातल्या पुष्कळजणी अभिमानानं स्वतःला ‘विच’ म्हणवतात. मी इथे तो शब्द वापरत नाही. नंदुरबारकडच्या बाईला डाकीण दुसरेच ठरवतात, आणि मग तिला गाव सोडावं लागतं, कधी जीवही जातो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा मला हवाच आहे.

तिकडे कायदा आमच्या बाजूनं आहे, कागदावर. १९८६ मध्येच केंद्रीय अपील न्यायालयानं विक्का हा धर्म आहे असं मान्य केलं. तरीही इंडियानातच एका घटस्फोटात, आईबाप दोघेही विक्का मानणारे, एकमेकांविरुद्ध याबाबत तक्रार नाही, आणि न्यायाधीशांनी मुलाला मुख्य प्रवाहाबाहेरच्या श्रद्धांपासून दूर ठेवा असा हुकूम केला. २००५ मध्ये अपिलात तो रद्द झाला. पण अपिलाला वकील लागतो, आणि वकिलाला पैसे.

हे आत्ता सांगायचं कारण आहे. आमच्या सातजणींतल्या सर्वांत धाकटीचा मुलाच्या ताब्यासाठी दावा चालू आहे. नवऱ्याच्या वकिलानं तिच्या घरातल्या वेदीचे फोटो दाखल केलेत. पौर्णिमेला आम्ही काय करतो हे कोर्टात शपथेवर सांगणारं कुणीतरी हवंय. दोघीजणी शाळेत शिकवतात, त्यांना नोकरीची भीती आहे, आणि ती खरी आहे. मी निवृत्त आहे. नाव छापून आलं तर गल्लीला कळेल, मंडळातही कळेल. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. साक्षीदारांच्या यादीत मी माझं नाव दिलंय.